पीसीटी अठरा आली, म्हणजे नेमकं काय?

जंतुसंसर्गाशी झुंजताना शरीराचाच प्रतिसाद हाताबाहेर जातो आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू असे अवयव कोलमडू लागतात. त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात, हे गेल्या अंकात सांगितलं होतं. २०१७ या एकाच वर्षात जगभर अंदाजे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख माणसं दगावली, हा आकडाही दिला होता. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली आहे : रक्ताच्या रिपोर्टमधल्या या आकड्यांचा अर्थ काय लावायचा? निवडक पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, मधुमेही. थंडी वाजून ताप आला, लघवीतला संसर्ग निघाला. दाखल केलं तेव्हा पीसीटी १८.४ होती. अँटिबायोटिक सुरू होऊनही दुसऱ्या दिवशी २२ झाली, तिसऱ्या दिवशी ११. औषध चुकलं होतं का? ‘रक्तात विष पसरलंय’ असं आम्हाला सांगितलं गेलं. — एक वाचक, सातारा

औषध चुकलं नव्हतं. उलट ते लागू पडलं, असंच हे तीन आकडे सांगतात.

पीसीटी म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन. एरवी ते थायरॉइड ग्रंथीतल्या काही पेशींत तयार होतं, त्याचं कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनतं, आणि रक्तात ते जवळजवळ सापडतच नाही; निरोगी माणसात मिलिलिटरमागे ०.०५ नॅनोग्रॅमहूनही कमी. जिवाणूंचा जोरदार संसर्ग झाला की यकृत, मूत्रपिंड, चरबी अशा कितीतरी ऊती ते बनवू लागतात. जंतू रक्तात उतरल्यावर दोन ते चार तासांत पातळी चढू लागते आणि साधारण अर्ध्या ते एका दिवसात शिखर गाठते. निर्मिती थांबली की पुढे दर २४ तासांना ती जवळपास निम्मी होते.

आता वडिलांचे आकडे घड्याळासमोर धरा. थंडी वाजल्यावर काही तासांतच पहिला नमुना गेला असेल, तर १८.४ हा चढणीवरचा आकडा होता आणि २२ हे शिखर. त्यानंतरच्या दिवसात बरोबर निम्मे झाले, म्हणजे नवं प्रोकॅल्सिटोनिन बनणं जवळपास थांबलं. तिसऱ्या दिवशी ११ ऐवजी २० आली असती तर खरी काळजी होती. तेव्हा लगेच सोनोग्राफी करून मूत्रवाहिनीत खडा अडकलाय का, मूत्रपिंडात पू साठलाय का हे पाहावं लागतं. कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा) रिपोर्ट येऊन जंतू औषधाला दाद देतो की नाही, हेही तपासावं लागतं. पू अडकलेला असताना कितीही भारी अँटिबायोटिक दिलं तरी आकडा हटत नाही. मधुमेही रुग्णात ही शक्यता आधी तपासावी.

ढोबळमानाने ०.२५ च्या खाली जिवाणूसंसर्गाची शक्यता कमी, ०.५ च्या वर विचार करायला हवा, २ च्या वर दाट शक्यता, आणि १० च्या वर बहुतेकदा गंभीर सेप्सिस. पण आजाराची तीव्रता या आकड्यावरून मोजू नये. लघवीतून रक्तात गेलेले जंतू पीसीटी फार उंच नेतात आणि तसा रुग्ण तीन-चार दिवसांत उठून बसतो. न्यूमोनियाचा रुग्ण ४ वर असूनही व्हेंटिलेटरवर जातो. ‘विष’ किती पसरलं हे रक्तदाब, तासागणिक होणारी लघवी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा आकडा), प्लेटलेट आणि रुग्णाची शुद्ध यांवरून ठरतं.

अँटिबायोटिक कधी थांबवायचं, यासाठी मात्र पीसीटीचा खरा उपयोग होतो. शिखरापासून ८० टक्के घट झाली, किंवा आकडा ०.५ वर आला आणि रुग्णही सुधारला, तर औषध थांबवण्याचा विचार करता येतो. नेदरलँड्समधल्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हीच कसोटी लावली होती. वडिलांच्या बाबतीत २२ चे ८० टक्के गेले की ४.४ उरतात. याच वेगाने उतरली तर ती वेळ आणखी दीड-दोन दिवसांत येईल. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर उतार थोडा मंद असतो, त्याने घाबरू नका. कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला असेल तर मात्र ही कसोटी बाजूला ठेवावी लागते. तिथे किमान दोन आठवडे शिरेतूनच औषध लागतं, पीसीटी कितीही सुंदर उतरो.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्याकडे लॅक्टेटची सोय नाही. नमुना ४० किलोमीटरवरच्या लॅबला जातो आणि जवळपास प्रत्येकाचं लॅक्टेट वाढलेलं येतं. आरएल (रिंगर लॅक्टेट हे सलाईन) चालू असल्यामुळे असं होतं का? ब्लड कल्चरही बहुतेकदा ‘वाढ नाही’ असंच येतं. — जालना जिल्हा

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण चुका बहुतेक नमुना घेतानाच होतात आणि त्या सुधारायला पैसा लागत नाही.

आधी लॅक्टेट, म्हणजे ऊतींना रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा घटक. नळीत पडलेलं रक्त जिवंत असतं. तांबड्या पेशी साखर वापरत राहतात आणि लॅक्टेट बाहेर टाकत राहतात. साध्या नळीत, उन्हाळ्यात, दीड तासाच्या प्रवासात १.६ चं २.५ सहज होतं, आणि पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर त्याहून जास्त. म्हणून करड्या टोपणाची, फ्लोराइड असलेली नळीच वापरा. तिच्यातलं फ्लोराइड ही साखळी तोडतं. नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करा, लगेच बर्फात ठेवा आणि रक्तद्रव लवकर वेगळा करायला सांगा. दंडाचा पट्टा फार वेळ आवळलेला नको. रुग्णाला मूठ उघड-मीट करायला लावू नका, तेवढ्यानेही हाताच्या स्नायूंतलं लॅक्टेट वाढतं. एकक पाहा. काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात. त्याला ९ ने भागलं की मिलिमोल मिळतात, आणि २ च्या वरचं लॅक्टेट वाढलेलं हा नियम मिलिमोलचा आहे. रिपोर्टवर १५ वाचून हादरायचं नाही, ते १.७ असतं.

आरएलबद्दल : एका लिटर आरएलमध्ये साधारण २८-२९ मिलिमोल लॅक्टेट असतं आणि निरोगी शरीर दिवसाला हजाराहून अधिक मिलिमोल तयार करून निपटतं. त्यामुळे यकृत धड असेल तर आरएलमुळे पातळी फारशी चढत नाही. खरी अडचण वेगळीच असते : सलाईन चालू असलेल्या हातातूनच, सुईच्या वरच्या बाजूने, नमुना घेतला जातो आणि बाटलीतलंच द्रव लॅबला पोहोचतं. नेहमी दुसऱ्या हातातून घ्या. शिवाय नुकतीच आकडी येऊन गेली असेल, दम्यासाठी साल्ब्युटामॉलच्या वाफा एकामागून एक दिल्या असतील, अॅड्रिनॅलिन चालू असेल, मेटफॉर्मिन घेणाऱ्याची मूत्रपिंडं बिघडली असतील किंवा मद्यपी रुग्णात थायमिनची कमतरता असेल, तरीही लॅक्टेट वाढतं. हे कागदावर लिहून पाठवा.

लॅक्टेटची सोय नसेल तर बोट वापरा. रुग्णाच्या बोटाचं टोक १० सेकंद दाबून पांढरं करा, सोडा, आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. ३ सेकंदांहून जास्त लागले तर रक्तपुरवठा कमी आहे. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळलेला असताना, या साध्या तपासणीवर उपचार बेतले तर ते लॅक्टेटवर बेतलेल्या उपचारांहून कमी पडत नाहीत, असं दक्षिण अमेरिकेतल्या २०१९ च्या चाचणीत दिसलं. हात गार असेल तर आधी ऊब द्या, नाहीतर हीही फसवते.

आता कल्चर. प्रौढ रुग्णाच्या रक्तात कित्येकदा मिलिलिटरमागे एखादाच जंतू असतो. बाटलीत ३ मिलिलिटर टाकले तर तो हाती लागेलच असं नाही. प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर हवेत, आणि दोन वेगळ्या जागांवरून दोन जोड्या, म्हणजे चार बाटल्या. सगळ्या मिळत नसतील तर निदान दोन पूर्ण भरा. चार अर्धवट भरण्यापेक्षा ते बरं. शीर आधी चाचपून ठरवा, मग अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडिनने चोळून पुसा आणि ३० सेकंद पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर पुन्हा बोट लावायचं नाही. बाटलीचं प्लॅस्टिक टोपण उडवल्यावर खालचं रबर निर्जंतुक नसतं, तेही ७० टक्के अल्कोहोलने पुसा. कल्चर पहिलं, मग लाल किंवा पिवळी नळी, मग जांभळी, शेवटी करडी. भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, ती खोलीतच राहू द्या आणि त्याच दिवशी पाठवा. चारपैकी एकाच बाटलीत त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस (वर सांगितलेला ऑरियस नव्हे) उगवला तर तो बहुधा सुईबरोबर आत गेलेला असतो.

कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं, पण त्यासाठी औषध पाऊण तासाहून जास्त अडवून ठेवायचं नाही. सेप्टिक शॉकच्या रुग्णात रक्तदाब कोसळल्यापासून पहिल्या सहा तासांत अँटिबायोटिकच्या प्रत्येक तासाच्या उशिराबरोबर वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेली २००६ च्या अभ्यासात आढळली होती. ४० किलोमीटरवरून रिपोर्ट येण्याची वाट पाहणं या हिशेबात बसत नाही. पहिला डोस तुमच्याच रुग्णालयात द्यायला हवा आणि डोस किती वाजता दिला हे रेफरल चिठ्ठीवर लिहायला हवं.

प्रश्न : मुलाची सीआरपी एका लॅबमध्ये ४८ आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये ४.८. एका दिवसात दहापट कमी कशी? — रत्नागिरी

बहुधा झालीच नाही. सीआरपी म्हणजे संसर्ग किंवा दाह झाला की रक्तात वाढणारं एक प्रथिन. पहिल्या रिपोर्टवर लिटरमागे मिलिग्रॅम असेल आणि दुसऱ्यावर डेसिलिटरमागे. दोन्ही आकडे एकच. तसंही सीआरपी एका दिवसात दहापट उतरत नाही. तिची पातळी निम्मी व्हायलाच सुमारे १९ तास लागतात. एकाच आजारात लॅब बदलू नका.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे तापाच्या रुग्णांची रांग लागते. पीसीटी १० च्या वर आली की मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक सुरू करायचं, असं चाललंय. हे बरोबर आहे का? — वैद्यकीय व्यवसायी, भंडारा

नाही, आणि विदर्भात तर मुळीच नाही. पाश्चात्त्य देशांतले अभ्यास ज्या रुग्णांवर झाले, त्यांत मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), स्क्रब टायफस (चिगर माइट चावून होणारा ताप) जवळजवळ नव्हतेच. आपल्याकडे हेच आजार रांगेत उभे असतात आणि तिन्ही पीसीटी वाढवतात. फाल्सिपेरम मलेरियात एकही जिवाणू नसताना ती १० च्या वर जाऊ शकते. तिथे हवं असतं आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध. स्क्रब टायफसमध्ये मेरोपेनेम, सेफ्ट्रियाक्झोन यांचा काडीचा उपयोग नाही, कारण तो जंतू आपल्या पेशींच्या आत राहतो आणि या गटातली औषधं त्याला लागू पडत नाहीत. त्याला डॉक्सिसायक्लिन लागतं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रबची साथ आली होती, हे विसरायला नको.

म्हणून पीसीटीच्या आधी या गोष्टी करा : मलेरियाची रॅपिड टेस्ट आणि रक्ताचा स्मिअर, डेंग्यूची एनएस१, आणि रुग्णाचे कपडे बाजूला करून पूर्ण अंग पाहणं. काखेत, जांघेत, स्तनांखाली, कमरेच्या नाडीच्या रेषेवर सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली शोधा. ती दुखत नाही, त्यामुळे रुग्ण आपण होऊन सांगत नाही. खपली सापडली की डॉक्सिसायक्लिन सुरू. शेतात, चिखलात काम, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल, कावीळ असं चित्र दिसलं तर लेप्टो धरून चाला.

सीआरपी इथे थोडी मदत करते. गुंतागुंत नसलेल्या डेंग्यूत ती बहुधा फार चढत नाही. डेंग्यूसारखाच दिसणारा रुग्ण, प्लेटलेट घटलेल्या, पण सीआरपी १५० असेल, तर डेंग्यूवर शिक्का मारण्याआधी पुन्हा विचार करा.

लॅक्टेट वाढलं की किलोमागे ३० मिलिलिटर द्रव, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० मिलिलिटर, हा नियमही आंधळेपणाने लावू नये. डेंग्यूत रक्तवाहिन्या गळत असतात. रक्तदाब टिकून असलेल्या शॉकमध्ये तासाभरात किलोमागे ५ ते १० मिलिलिटर देऊन हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) पुन्हा पाहायचा असतो. गंभीर मलेरियात द्रवाचा मारा केला तर फुप्फुसात पाणी होतं. झांबियात सेप्सिस आणि कमी रक्तदाब असलेल्या, बहुतांश एचआयव्हीबाधित, प्रौढांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. भराभर द्रव देणाऱ्या गटात ४८ टक्के रुग्ण दगावले, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३३ टक्के. व्हेंटिलेटर हाताशी नसलेल्या ठिकाणी हे आकडे भिंतीवर लावावेत असे आहेत.

प्रश्न : बाळ जन्मून ३० तास झाले, पीसीटी ६ आली म्हणून अँटिबायोटिक सुरू केलं. बाळ तर छान दूध पितंय. — सोलापूर

जन्मानंतर पहिल्या दिवसात निरोगी बाळाचीही पीसीटी आपोआप चढते, २४ तासांच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि दोन-तीन दिवसांत उतरते. त्यामुळे मोठ्यांचे आकडे इथे लागू नाहीत. बाळ किती तासांचं आहे त्यानुसार वेगळी सारणी पाहावी लागते. तुमच्या डॉक्टरांना विचारा की पाणी लवकर गेलं होतं का, प्रसूतीत आईला ताप होता का, कल्चर पाठवलंय का. कल्चर ३६ ते ४८ तासांत निर्मळ आलं आणि बाळ असंच खुशाल राहिलं, तर औषध थांबवायचं का हे तेच ठरवतील. तुम्ही स्वतः मध्येच बंद करू नका. घरी गेल्यावर तीन महिन्यांपर्यंत ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, अंग गार पडलं किंवा बाळ ओढून दूध पिईनासं झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : अमेरिकेत भावाच्या रिपोर्टवर ‘एमडीडब्ल्यू २४’ आलं आणि त्यावरून सेप्सिसची शंका घेतली. ही कुठली चाचणी? — पुणे

साध्या हिमोग्रामच्याच जांभळ्या नळीतून, त्याच यंत्रात निघणारा हा आकडा आहे. मोनोसाइट या पांढऱ्या पेशी संसर्गात चेतल्या की काही फुगतात, काही नाही. आकारांतला हा पसारा म्हणजे एमडीडब्ल्यू. बेकमन कूल्टर कंपनीच्या यंत्रावरच्या या मोजमापाला आपत्कालीन विभागातल्या प्रौढांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये मान्यता दिली. तिथे उंबरठा २० चा आहे. फायदा असा की, डॉक्टरांच्या मनात सेप्सिस येण्याआधीच आकडा समोर येतो. मर्यादा अशी की, नमुना दोन तासांत यंत्रावर जायला हवा, नळीत कोणतं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) आहे त्यानुसार उंबरठा बदलतो, आणि विषाणूंच्या संसर्गातही तो वाढतो. २४ ही शंकेची खूण आहे, निदान नव्हे.

प्रश्न : वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये पीसीटी घालून घ्यावी का? — ठाणे

नको. ताप नसलेल्या, हिंडत्याफिरत्या माणसाला तिचा उपयोग शून्य.

प्रश्न : सासूबाई ७९ वर्षांच्या. संध्याकाळी अचानक बडबडू लागल्या, जेवल्या नाहीत. ताप नव्हता. रुग्णालयात सीआरपी ७ आली, ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दुपारी सीआरपी २१०, रक्तदाब कोसळलेला, न्यूमोनिया. आदल्या दिवशीचा रिपोर्ट चुकीचा होता का? — कोल्हापूर

रिपोर्ट बहुधा बरोबर होता. तो फार लवकर काढलेला होता. सीआरपी यकृतात बनते. संसर्गाचा सांगावा तिथे पोहोचून ती रक्तात वाढू लागायला सहा ते बारा तास जातात आणि शिखर दीड-दोन दिवसांनी येतं. आजार सुरू होऊन तीन-चार तासच झाले असतील तर ७ हाच आकडा येणार. पीसीटी केली असती तर कदाचित थोडी आधी चढलेली दिसली असती, पण तीही त्या वेळी सामान्य असू शकते. म्हणूनच सेप्सिसच्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की, अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे पीसीटीवर ठरवू नये, रुग्ण तपासून ठरवावं. यकृताचा सिरोसिस असलेल्यांत, किंवा संधिवातासाठी टोसिलिझुमॅब घेणाऱ्यांत तर सीआरपी भर संसर्गातही दबलेली राहते.

वयस्कांत ताप न येणं नेहमीचं आहे. अचानक सुरू झालेली बडबड किंवा गुंगी हाच त्यांचा ताप समजावा. त्या संध्याकाळी कुणी श्वास मोजले असते तर कदाचित वेगळं घडलं असतं. श्वास पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून मोजायचे. १५ सेकंद मोजून चारने गुणू नये. मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, आणि भान बदललेलं, यांपैकी दोन गोष्टी असतील तर रक्ताचा आकडा काहीही येवो, घरी पाठवू नये. यातली एकच गोष्ट असली तरी निर्धास्त होता येत नाही.

पुढे असा प्रसंग आला आणि तरीही घरी पाठवलं, तर डॉक्टरांना विचारा : ‘चाचणी पुन्हा किती वाजता करायची?’ सहा ते बारा तासांनी दुसरा नमुना घेतला तर ७ चे ६० झालेले दिसतात आणि ही वाढच निदान करून देते. घरी रात्री दर दोन तासांनी श्वास मोजा, हातपाय गार पडलेत का बघा, शेवटची लघवी कधी झाली ते लिहून ठेवा. सहा तासांत लघवी नाही, ओठ-नखं निळसर, उठवूनही नीट उत्तर नाही, असं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा, आणि पहिला रिपोर्ट किती वाजता घेतला होता ती वेळ त्याच्यावर पेनाने लिहून सोबत न्या.